एका सुतात पंधरा

बाबांनी फोनवर विचारलं, पाईप म्हणजे बोअरचा का?
नाही.
मग ठिबकचा?
त्याहून बारीक, बाबा.
किती सूत?
कानामागची पेन्सिल काढल्याचा आवाज
मला इकडे लेमिन्स्टरला ऐकू आला.

म्हटलं, एका सुतात पंधरा.
शेजारी शेजारी झोपवल्या तर.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, दिसतं का पण तुम्हाला काही?

दिसत नाही.
लेझरला दिसतं,
आणि रेनाल्ड तिबोडोच्या उजव्या अंगठ्याला.

हे फण्यांचं गाव.
रेनाल्डची आई याच शेडमध्ये फण्यांचे दाते घासायची
आणि संध्याकाळी नदीचं पाणी पाहून
पोरं सांगायची, आज लाल चालू होता, आज हिरवा.
फण्या गेल्या. शेड राहिली.
आता तिथे आम्ही केस करतो,
पोकळ.

जुना एक्स्ट्रूडर कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे.
आधी त्याच्यावरच करून पाहिलं.
माल लागणार चिमूटभर, पोट त्याचं खंडीचं,
आत नायलॉन नुसतं वाट बघत बसलं
आणि जळलं.
पिवळं पडून, काळे ठिपके घेऊन बाहेर आलं.
तेव्हा कळलं, एक गोष्ट लहान करायची
तर सगळंच लहान करावं लागतं:
स्क्रू करंगळीएवढा, डाय शिंपल्याएवढी,
आणि तिच्याजवळ उभं राहिल्यावर
आपला श्वासही.

रात्री दोन चाळीसची मालगाडी फिचबर्गकडे जाते.
दोन एकोणचाळीसला रेनाल्ड हात वर करतो.
मग कोणी चालत नाही,
यादिरा खोक्यावरची टेप अर्धी ओढून थांबते.
टाकीतल्या पाण्यावर बारीक काटा येतो
आणि पडद्यावरची सरळ रेघ
डोंगर चढते, दरी उतरते.
तेवढी नळी कापून टाकायची.
सुतावरून स्वर्ग गाठू नये म्हणतात,
आम्ही त्या रेघेवरून
गाडीचे डबे मोजतो.

खरं तर नळी आम्ही करतच नाही.
आम्ही भोक करतो,
नायलॉन त्याचं कुंपण.
मधोमध एक फुंकर सोडलेली असते सतत,
निखारा विझू नये म्हणून घालतात त्याहून हलकी.
जरा जास्त झाली की नळी फुगते,
कमी झाली की आतून मिटते,
मग ती नुसती दोरी,
आणि दोरीला गिऱ्हाईक नाही.
सुईचं नेढं इथे
गावाच्या वेशीएवढं वाटतं.

पाट्यावर एक किलो दाणे.
एवढ्यात नळी बॉस्टनला पोचेल,
वर समुद्रात टोक बुडवेल.
ज्याला लागते त्याला वीतभरच लागते.
त्याचं वजन कधी कधी
या किलोहून कमी भरतं.
हे आम्ही शेडमध्ये बोलत नाही.
गेल्या मार्चमध्ये यादिरा एकदाच बोलली
आणि त्या रात्री सगळ्यांचाच माल बिघडला.

केसाने गळा कापतात,
एवढं मला मराठीत पाठ होतं.
याच्या उलटी म्हण
अजून कोणी केलेली नाही.

पाळी संपताना रेनाल्ड एक तुकडा घेतो,
टोक कॉफीच्या रिकाम्या कपातल्या पाण्यात धरतो,
दुसऱ्या टोकाला हवेची सुई.
थांबतो. आम्हीही.
खालून एक बुडबुडा सुटतो,
मोहरीहून लहान, वर येऊन फुटतो.
लेझर सगळं सांगतं, तरी तो हे करतो.
विचारलं तर खांदे उडवतो.

आज पुन्हा बाबांचा फोन.
पट्टीवर एका सुताचे पंधरा भाग करायला
सकाळपासून बसलेत.
पाचव्यालाच पेन्सिलीच्या रेघेनं जागा खाल्ली, म्हणाले.
मग टोक तासलं.
आता सातवा चालू आहे,
तू ठेव फोन, हात हलतो.